कापूस घरात, बाई कोठ्यात

देवमनच्या पोराला कापसानं मारलं. हे एवढं साधं वाक्य आमच्या वस्तीत वर्षभर एका बाईशिवाय कोणाच्या तोंडातून निघालं नाही. पोराची दोरी तेवढीच होती म्हणाले. नजर लागली म्हणाले. तिन्हीसांजेला नाल्याकडून एकटं येताना त्याला काहीतरी दिसलं म्हणाले. छप्पन साली आम्ही धर्म घेतला, देव्हाऱ्यातले टाक गाडग्यात घालून वर्धा नदीत सोडून आलो, आणि एक पोरगं कापसाच्या ढिगात गुदमरून मेलं तर पुन्हा त्या टाकांच्याच भाषेत बोलायला लागलो. कापसाचं नाव घ्यायला कोणाची जीभ रेटेना. रेटणार कशी? कापूस सगळ्यांच्याच घरात होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं वेचलेला कापूस घरात भरतात. ज्याला वेगळं कोठार आहे तो कोठारात भरतो, पण तसे लोक गावात बोटावर मोजण्याइतके. बाकीच्यांच्या पुढच्या खोलीतच ढीग लागतो. दसऱ्यापासून वाढत जातो, आढ्याला टेकतो, आणि भाव चढेपर्यंत, संक्रांत उलटून जाईपर्यंत, तिथंच बसून राहतो. माणसं उरलेल्या जागेत अंग चोरून झोपतात. लेकरांना थंडीत त्या ढिगावरच टाकतात, कारण ऊब असते. मोठी पोरं दिवसा त्यात बिळं करतात आणि वरून उड्या मारतात. आईबाप पाहून हसतात. मऊ आहे, लागते कशाला?

देवमनच्या पोरानं बीळ केलं आणि वरचा कापूस खाली बसला. त्याची आई भागीरथा आतल्या खोलीत भाकरी थापत होती. मध्ये एक कुडाची भिंत. तिला काही ऐकू आलं नाही. पोरगं ओरडलंच नसेल असं नाही. कापूस आवाज गिळतो. सगळी वस्ती विहिरीत गळ टाकून बसली होती, नाल्याचे डोह ढवळत होती, आणि पोरगं घरातच होतं.

भेटायला गेलेल्या बायका भागीरथेच्या गळ्यात पडून दोरी-दोरी करत होत्या, तेव्हा शेषरावची बायको सत्यवती तिथं बसली होती. ती अकोल्याची. तिचा बाप कापसाच्या जिनात हमाल. तिला तिखट तोंडाची म्हणत, आणि ती होतीच.

"दोरी कायची?" ती म्हणाली. "कापसानं मारलं त्याले. जिनात बायाईले पोट्टे आत आणू देत नाईत. फाटकावर माणूस उभा राह्यते. मालकाच्या कापसात पोरगं मरू नाही म्हणून राखण, अन् आपल्या कापसात आपणच झोपवतो."

भागीरथेनं रडणं थांबवलं. उठली, दाराकडं बोट केलं आणि म्हणाली, "निघ." त्या दिवसापासून दोघी एकाच विहिरीवर पाणी भरत होत्या आणि एकमेकींशी बोलत नव्हत्या.

पुढच्या हंगामात शेषरावच्या घरी पहिला कापूस आला. पहिला म्हणजे स्वतःचा पहिला. त्याचा बाप गावच्या जानराव पाटलाकडं सालदार म्हणून मेला. शेषरावही तिथंच सालदार होता. मग तिवश्याच्या बाजूची सरकारी पड जमीन पट्ट्यानं मिळाली, दगडं वेचून वेचून तिचं वावर केलं, आणि त्यात कापसाची पऱ्हाटी अशी फुटली की जाणारे-येणारे धुऱ्यावर, बांधापाशी थांबून पाहायचे. पहिल्या वेचणीला सीतादही, म्हणजे वावराला दहीभाताचा नैवेद्य, करायची का नाही यावर मायलेकांत भांडण झालं. शेषराव म्हणाला, ते आता नाही. त्याची माय मनकर्णाबाई हो म्हणाली आणि पदराखाली वाटी नेऊन धुऱ्यावर दहीभात ठेवून आलीच.

बैलबंडी दारात लागली तेव्हा अर्धी वस्ती गोळा झाली होती. गाठोडी आत गेली, पुढच्या खोलीत सुटली. पांढरा ढीग छातीपर्यंत आला. शेषरावनं आपली पोरगी गौतमी उचलली. दोन उन्हाळे पाहिलेली, गोरीगोमटी, बडबडी.

"चाल वं माय, माह्या राणीले गादीवर बसवतो!" म्हणाला आणि तिला ढिगाच्या माथ्यावर ठेवली.

गौतमी खिदळली. हात मारायला लागली. जितके हात मारी तितकी खाली जाई. पोटापर्यंत गेली, मग काखेपर्यंत. लोक हसत होते. शेषराव सगळ्यात जास्त हसत होता. सत्यवती आतून पिठाच्या हातानं आली, ढिगात घुसली आणि पोरीला काखेत मारून बाहेर काढली. गौतमीनं भोकाड पसरलं.

"काहून काढली वं?" शेषराव म्हणाला. "खेळून राहिली होती ना."

"देवमनभाऊचं पोरगंबी खेळूनच राह्यलं होतं."

हसणं बंद पडलं. देवमन दारातच उभा होता. त्यानं खांद्यावरचं गाठोडं खाली ठेवलं आणि निघून गेला.

शेषराव त्या दिवशी तिच्यावर खूप चिडला. चांगल्या दिवशी अभद्र बोलली म्हणून. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हा कापूस कोठ्यात टाकता का?"

कोठा म्हणजे बैलांचा गोठा. आंगणाच्या पलीकडं, पऱ्हाट्यांच्या कुडाचा, वर कौलं.

"कोठ्यात? बैलाजवळ?"

"अर्ध्या कोठ्याले बांबूचे तट्टे लावू. वरून आडवी काठी, पोट्टं चढणार नाई असं. मी सारवून देतो."

"चोर नेतीन."

"तुमी झोपा ना तिथं राखणीले."

"मी कोठ्यात झोपू? माह्या बापाची जिंदगी कोठ्यात गेली. पाटलाचा कापूस तुडवता तुडवता त्याच्या पायाले भेगा पडल्या, पण त्याले त्या ढिगावर टेकू देलं नाई कोणी. आता माहा कापूस हाये, माह्या घरात हाये. दारातून जाणाऱ्याले दिसला पाह्यजे. पाटलाचा कापूस घरात अन् माहा बैलापाशी? लोक थुंकतीन माह्यावर."

"थुंकू द्या. थुंकीनं पोट्टं मरत नाई."

"आतापर्यंत काई झालं का तिले?"

"नाई."

"मंग?"

"मंग काय? झाल्यावर काढू म्हणता का कापूस?"

उत्तर नसलं की आमची माणसं आवाज चढवतात. शेषरावनंही चढवला. मी इथं त्याला राक्षस करणार नाही. तो पोरीसाठी बाजारातून गुळाचं ढेपूळ आणल्याशिवाय कधी परत आला नाही. पण त्याला पोरगीही पाहिजे होती आणि तो दारातून दिसणारा ढीगही पाहिजे होता, आणि या दोन गोष्टी एका खोलीत राहू शकत नाहीत हे त्याला कबूल नव्हतं.

मनकर्णाबाईनं लेकाची बाजू घेतली. "घरात आलेली लक्ष्मी बाहीर काढते का कोणी?"

"लक्ष्मी तर आपण वर्धेत सोडली ना, आत्याबाई?"

"टाक सोडला," म्हातारी म्हणाली. "कापूस नाई सोडला."

दुसरी वेचणी झाली. ढीग डोक्याच्या वर गेला. आजूबाजूची पोरं यायला लागली, कारण या हंगामात शेषरावकडचा ढीग सगळ्यात नवा, सगळ्यात फुगलेला. सत्यवती त्यांना हाकलून लावी, तिची पाठ फिरली की परत येत. एकदा तिनं ढिगाच्या बुडाशी एक बीळ पाहिलं. हात घातला तर खांद्यापर्यंत गेला. तिनं हात बाहेर काढला, बीळ आपोआप मिटलं, आणि तिथं बीळ होतं हे कोणाला सांगूनही पटलं नसतं.

ती आत गेली, गौतमीचं झबलं, दोन गोधड्या, तवा आणि काठवट उचलली.

"कापूस राहू द्या घरात," ती शेषरावला म्हणाली. "मी कोठ्यात जातो."

त्याला वाटलं सांजेपर्यंत येईल. ती आली नाही. तिनं बैलांच्या पलीकडची जागा झाडली, सारवली, आंगणात तीन दगड मांडून चूल केली. काम एकही सोडलं नाही. शेषरावला भाकरी करून देई, सासूच्या पायाला तेल लावी, वेचणीला सगळ्यांच्या आधी वावरात असे. गौतमी तिच्या पाठीशी, नाहीतर बाभळीला बांधलेल्या झोळीत. फक्त घराचा उंबरठा ती ओलांडत नव्हती आणि पोरीला ओलांडू देत नव्हती.

मग काय, वस्तीला फुकटचा तमाशा झाला.

"काय बे शेषराव," पुंजाजी म्हणे. पुंजाजी म्हणजे वस्तीतला वात्रट, लग्नाचा पण बायको न मिळालेला. "बायको कोठ्यात अन् सरकी पलंगावर! लेकरं कोणापासून होतीन आता?"

बायका सत्यवतीला विचारत, "कसं काय वं, बैल लाथा नाई मारत का?"

"बैल समजदार हायेत. पाय टाकायच्या आधी खाली पाह्यतात."

पाटलाच्या वाड्यापर्यंत गोष्ट गेली. तिथं म्हणे हसून हसून पुरेवाट झाली, की यांना आता घर मिळालं तर यांच्या बायका आपण होऊन गोठ्यात चालल्या. हे शेषरावच्या कानावर आलं आणि तो दोन दिवस जेवला नाही. सत्यवतीच्याही कानावर आलं. तिनं भाकरी उलटवली आणि म्हणाली, "त्याईच्या घरी कोठार हाये. त्याईचे पोट्टे कोठारात झोपत नाईत. हसाले काय जाते त्याईचं."

विहिरीवर एक दिवस भागीरथा आणि ती एकट्याच सापडल्या. भागीरथा वर्षभरानं पहिल्यांदा बोलली.

"माह्या मेलेल्या पोराच्या नावानं तू तुही पोट्टी वाचवून राहिली का?"

"हो," सत्यवती म्हणाली.

भागीरथेला हे उत्तर अपेक्षित नव्हतं. तिनं दोर हातात तसाच धरून ठेवला. "तुही जिती हाये म्हणून तुले बोलाले जमते."

"जिती हाये म्हणूनच बोलतो. उद्या मेली तर मीबी दोरीच म्हणीन, भागीरथाबाई. मले काई दुसरं म्हणता येणार नाई. तुमाले कुठी येते?"

भागीरथेनं घागर उचलली आणि अर्धी भरलेली तशीच घेऊन गेली. सत्यवतीला तेव्हा समजलं असं मला वाटतं. दोरी म्हटलं की कोणाचा दोष राहत नाही. कापूस म्हटलं की तो कोणी भरला, पोराला त्यावर कोणी झोपवलं, हे पुढं येतं. मेलेल्या पोराच्या आईला दोरी पाहिजे असते, तिला ती घेऊ द्यावी. पण जिवंत पोरांच्या आईबापांनी तीच दोरी हातात धरून बसावं, याला काय म्हणायचं?

शेवटी शेषराव चंद्रभानकडं गेला. चंद्रभान म्हणजे आमच्या वस्तीचे पुढारी. निळी टोपी, दर रविवारी वंदना घेणारे, अमरावतीच्या सभांना जाऊन आलेले, भाषण चांगलं करत. ते म्हणाले, रविवारी वंदनेनंतर तुझ्याच आंगणात बसू, बाईला चार माणसांसमोर समजावू.

रविवारी सकाळी आंगण भरलं. बाया एका बाजूला, माणसं एका बाजूला. देवमन कुडाला टेकून मागं बसला होता. भागीरथाही होती, पार शेवटी, पदर ओढून. सत्यवती कोठ्याच्या दारात उभी राहिली, काखेत गौतमी.

"सत्यवतीबाई," चंद्रभान म्हणाले, "बाईनं घर सोडून जनावरात राहणं, ही आपल्या समाजाची नाचक्की आहे. कालपरवापर्यंत आपल्याला जनावरासारखं वागवलं. आता तुम्ही आपल्या पायानं तिथं चालल्या?"

"मी जनावरात नाई राहत. बैल माह्यात राह्यतात," ती म्हणाली. बाया हसल्या. "तुमाले एक विचारू का, भाऊ?"

"विचारा."

"दुःखाले कारण असते, असं तुमी दर रविवारी सांगता. कारणाबिगर दुःख येत नाई. बरोबर?"

"बरोबर. हाच तर धम्म आहे."

"मंग देवमनभाऊच्या पोराचं कारण काय?"

चंद्रभान टोपी सारखी करायला लागले. त्यांनी देवमनकडं पाहिलं, देवमन जमिनीकडं पाहत होता.

"ते... आता तो प्रश्न वेगळा आहे," चंद्रभान म्हणाले.

"वेगळा कसा? तोच हाये. सांगा ना. दर रविवारी मी खाली बसून ऐकतो. आज तुमी सांगा, मी उभी राहून ऐकतो."

शेषराव उठला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "तुले काय वाटते, आमी सगळे आंधळे हाओत? घरात चार माणसं असतात. समज दबली पोट्टी. काढता येत नाई का? कापूस हाये तो, दगड नाई!"

सत्यवतीनं त्याच्याकडं पाहिलं.

"काढता येते?"

"येते!"

"दाखवा."

तिनं गौतमीला सासूच्या मांडीवर दिलं. कोठ्याच्या कौलावर कोहळ्याचा वेल गेला होता. तिनं त्यातलं सगळ्यात मोठं कोहळं तोडलं आणि पोटाशी धरून आणलं. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा घराचा उंबरठा ओलांडून आत गेली. माणसं बाहेर थांबली. ती परत आली तेव्हा तिच्या हातात काही नव्हतं, केसात कापसाचे धागे होते.

"ढिगात हाये. माह्या हातानं फार दूर नाई गेलं, जिथी पोट्टे बिळं करतात तिथीच हाये. जितके पाह्यजे तितके माणसं जा. मी दारात उभी राहून त्रिसरण-पंचशील म्हणतो. एकदा म्हटलं तर म्हणान घाई केली, म्हणून दोनदा म्हणतो. तेवढ्यात काढा."

"धम्माचा खेळ मांडला का?" चंद्रभान ओरडले.

"श्वास मोजाले घड्याळ कोणापाशी हाये इथी? हे सगळ्याईले पाठ हाये. मी घाई केली तर तुमालेच समजीन."

पुंजाजी आधीच बाह्या वर करत होता. "भाऊ, कोहळंच काढायचं हाये ना! काढून त्याची भाजी करू!" तो, शेषराव, आणि मग रागारागात टोपी काढून चंद्रभानही आत घुसले. सत्यवतीनं दारात उभं राहून हात जोडले आणि सुरू केलं. बुद्धं सरणं गच्छामि. एका लयीत, रविवारी म्हणतात तसंच, ना हळू ना घाईत.

आत आधी हसणं होतं. "अबे, माह्यावर नको फेकू!" "तूच फेकून राहिला!" एक जण उकरे आणि मागं टाकी, ते दुसऱ्यानं उकरलेल्या खड्ड्यात जाई. वरून कापूस घसरे आणि खड्डा पुन्हा भरे. नाकातोंडात धागे जाऊन पुंजाजी खोकायला लागला. पहिलं पंचशील संपलं तेव्हा हसणं बंद झालं होतं. दुसरं सुरू झालं तेव्हा फक्त धापा ऐकू येत होत्या, त्याही कमी-कमी, कारण माणसं ढिगात शिरली होती आणि कापूस त्यांच्याही धापा गिळत होता.

देवमन कधी उठला ते कोणी पाहिलं नाही. तो सत्यवतीच्या बाजूनं आत गेला आणि दोन्ही हातांनी उकरायला लागला.

सुरामेरयमज्ज... ती शेवटच्या शीलापर्यंत आली. संपवलं. हात खाली घेतले.

"मेली," ती म्हणाली.

मनकर्णाबाईनं मांडीवरच्या गौतमीला अशी गच्च आवळली की पोरगी चिडून रडायला लागली. शेषराव ढिगातून उठला. कंबरेपर्यंत पांढरा, डोळे लाल, हात रिकामे. पुंजाजी आणि चंद्रभान बाहेर आले. देवमन आला नाही. तो उकरतच होता. "देवमन, झालं, ये बाहीर," कोणीतरी म्हणालं. त्यानं ऐकलं नाही. शेषरावनं त्याच्या खांद्याला हात लावला तर त्यानं तो हात झटकला आणि पुन्हा उकरायला लागला, कुत्रं उकरतं तसं, मान खाली घालून.

बायांतून भागीरथा उठली. पदर खाली पडला होता, तिनं घेतला नाही. ती दारात आली.

"भिंतीजवळ पाहा," ती नवऱ्याला म्हणाली. "कोपऱ्यात. ते नेहमी भिंतीकडंच जात होतं."

देवमन वळला. कोपऱ्यात भिंतीला लागून हात खुपसला, मग दुसरा, आणि खेचलं. कोहळं निघालं. ते खांद्याशी धरून, पोराला धरतात तसं, तो बाहेर आला आणि ओट्यावर बसला.

"कापसानं मारलं," भागीरथा म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "दोरी नाई अन् फोरी नाई. कापसानं मारलं माह्या पोराले. मी भाकरी करून राहिली होती."

सत्यवती तिच्याजवळ गेली नाही. गळ्यात पडणं तिला जमत नव्हतं. तिनं फक्त ओट्यावरची घोंगडी उचलून देवमनच्या बाजूला अंथरली. भागीरथा तिथं बसली.

माणसं हळूहळू निघाली. चंद्रभान टोपी झटकत, कोणाकडं न पाहता गेले. पुढच्या रविवारी मात्र कारणावर बोलताना त्यांनी पहिल्यांदा कापसाचं उदाहरण दिलं, इतकं श्रेय त्यांना देणं भाग आहे.

शेषराव आंगणात उभा होता. "उद्या तट्टे घेऊन येतो," तो म्हणाला.

"उद्या नाई."

"आज रविवार हाये वं, कुठी भेटतीन—"

"भेटतीन तेव्हा लावू. कापूस आज निघते." ती आत गेली. चादर पसरली, दोन्ही हातांनी कापूस ओढला, गाठ मारली, गाठोडं बाहेर आणून आंगणात ठेवलं. परत गेली. शेषराव पाहत राहिला. तिनं त्याला बोलावलं नाही, की चिडवलं नाही. तिसरं गाठोडं तिच्यानं उचललं जाईना.

मनकर्णाबाई गौतमीला भागीरथेच्या जवळ बसवून उठली. पदराची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली. "दे इकडं," ती सुनेला म्हणाली. "जिंदगी गेली लोकाईच्या घरात कापूस नेता नेता. आता आपल्या घरातला बाहीर नेतो. माह्या डोक्याले काय फरक पडते?" आणि लेकाकडं वळून, "तू काय पाटील झाला का रे, उभ्यानं पाह्याले? उचल!"

शेषरावनं उचललं.

सूर्य कलायच्या आत पुढची खोली रिकामी झाली. कापूस कोठ्यात गेला, तट्टे दोन दिवसांनी लागले, आणि शेषराव त्या हंगामात तिथं राखणीला झोपला. एका बैलानं तट्ट्यातून तोंड घालून कोपऱ्यातला कापूस चघळला, ते तो अजूनही बायकोला ऐकवतो. "घरात असता तर राह्यला असता," म्हणतो. "बैलानं खाल्ला, पोट्टीनं नाई," ती म्हणते.

आता कोणी विचारील की, तुमची गौतमी त्या ढिगात दबलीच असती कशावरून? नसती दबली कदाचित. बहुतेक घरांत कोणी दबत नाही. सत्यवतीचं म्हणणं खरं ठरलं असं दाखवायला माझ्यापाशी काही नाही, आणि असू नये हेच तर तिनं केलं. लोकांना पुरावा पाहिजे असतो. पुरावा देवमनच्या घरी होता, तेव्हा कोणी घेतला नाही. आणि सगळी वस्ती सुधारली असंही मी लिहिणार नाही. देवमननं त्याच वर्षी कापूस बाहेर काढला. आणखी काही घरांनी काढला. पुंजाजीच्या भावाचा ढीग घरातच राहिला, आणि दर हंगामात सत्यवती त्याच्या दारात जाऊन उभी राहते आणि विचारते, "पोट्टे कुठी हायेत? मोजले का?" शिव्या खाते आणि परत येते. पुढच्या हप्त्यात पुन्हा जाते.

कापूस निघाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सत्यवतीनं पुढची खोली सारवली आणि आतल्या चुलीवर, आपल्या घरात, भाकरी टाकली. जमीन वाळली तशी गौतमी पळत आली. तिला वाटलं गादी आहेच. तिनं उडी मारली.

धप्प आवाज झाला. एक क्षण काही नाही. मग तिनं असा टाहो फोडला की आंगणातल्या कोंबड्या उडाल्या.

मनकर्णाबाई ओसरीतून ओरडली, "अवं, पाह्य ना! पडली! उठत काहून नाई तू?"

सत्यवतीनं तव्यावरची भाकरी उलटवली. कुडाच्या पलीकडून पोरीचा आवाज येत होता, मोठा, रागीट, एकेक शब्द ऐकू येईल असा.

"रडू द्या, आत्याबाई," ती म्हणाली. "ऐकू येऊन राहिलं ना."

भाकरी फुगली. ती खाली उतरवूनच मग सत्यवती उठली.